इंजिन राहू दे, आधी मॅट उचला

खानापूरच्या एका निवृत्त शिक्षकांचा प्रश्न असा: २०१४ ची डिझेल स्विफ्ट डिझायर, केए-२२ पासिंग, एक लाख बेचाळीस हजार किलोमीटर, पहिलेच मालक. गॅरेजवाल्यानं ७८ हजारांचं एस्टिमेट हातात दिलंय. एजंट २ लाख ४० हजारांना मागतोय. पुण्यातला मुलगा म्हणतो, मला द्या नाहीतर विकून नवी घ्या. सौभाग्यवती म्हणतात, घरची गाडी काढायची नाही. वापर आठवड्यातून दोनदा बेळगाव आणि महिन्यातून एकदा लेकीकडे कोल्हापूर. काय करावं?

सर, माझं मत आधीच सांगून टाकतो. पत्रा शाबूत असेल तर गाडी ठेवा, ७८ हजारांतले निम्मे-पाऊण खर्च करा, आणि पुण्याला मात्र पाठवू नका. पत्रा गेला असेल तर एक रुपयाही न घालता काढून टाका. आता यामागचा हिशेब सांगतो.

गाडी जुनी झाली की सगळे इंजिनाबद्दल बोलतात. मी बेळगावात ऑटोनगरला गॅरेज चालवतो, इंजिनावरच माझं पोट आहे, तरी सांगतो की इंजिनामुळे गाडी भंगारात जायचं आपल्याकडे फारसं कारण नाही. उद्यमबागेत बोअरिंग, हेड फेसिंग, क्रँक ग्राइंडिंग करणारी एवढी माणसं बसलीत की मोठ्या शहरात ज्या कामाला इंजिन बदला म्हणून सांगतील, ते इथं लेथवर होऊन येतं. फाउंड्री आणि मशीन शॉपचं गाव आहे हे, त्याचा फायदा जुन्या गाडीवाल्यानं घ्यायचा नाही तर कुणी? पण कुजलेल्या पत्र्याला लेथ नाही.

आणि तुम्ही खानापूरचे. हा मुद्दा एजंट तुम्हाला सांगणार नाही, पण भाव करताना त्याच्या डोक्यात असतो. एकाच वर्षाची, एकाच मॉडेलची गाडी अथणीची आणली आणि खानापूर-कणकुंबी पट्ट्यातली आणली तर खालून बघताना दहा वर्षांचा फरक दिसतो. अथणीकडं पाऊस कमी, तिकडच्या गाडीचे रबर वाळतात, रेडिएटरच्या जाळीत धूळ बसते, एसी लवकर दमतो. पण फ्लोअर कोरडा ठणठणीत. तुमच्याकडं जून ते सप्टेंबर गाडीखालची तांबडी माती सुकतच नाही. त्यात वर्षातून दोन-चारदा चोर्ला घाटानं गोव्याला जाऊन समुद्राकाठी गाडी लावली असेल तर खारी हवा वेगळीच.

तेव्हा येत्या रविवारी एवढं करा. पुढच्या दोन्ही सीटसमोरचं रबर मॅट काढा, त्याखालचं कार्पेट कडेनं उचला आणि खालच्या जाड फेल्टमध्ये बोटं घाला. ओलसर लागलं, कुबट वास आला, तर पाणी कुठून तरी आत येतंय. बऱ्याचदा ते खालून येतच नाही. काचेखालच्या जाळीत झाडाचा पाला अडकतो, तिथलं निचऱ्याचं भोक बुजतं आणि पाणी आत उतरतं. मग स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरा आणि मुठीनं फ्लोअरवर ठोका. चांगला पत्रा टण् वाजतो. कुजलेला थप् करतो, आणि तिथंच टोकानं जरा दाबलं तर पापुद्रे सुटतात. असंच डिकीतली स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात बघा, चारही दरवाज्यांच्या खालच्या कडेला बोट फिरवा, दरवाजा उघडून पायरीच्या खालच्या बाजूला हात घाला. शेवटी बोनेट उघडून पुढच्या दोन्ही शॉकॲब्सॉर्बरची वरची टोकं जिथं बसतात तो गोल बघा.

आता निकाल कसा लावायचा? फ्लोअरला तळहाताएवढं भोक, पायरीला गंज, दरवाज्याची कड खाल्लेली: हे पॅच मारून, गंजरोधक कोटिंग करून निभतं. चांगला डेंटर तीन-चार दिवसांत करून देईल, पुढची चार-पाच वर्षं चिंता नाही. पण शॉकॲब्सॉर्बरचा गोल, मागच्या ॲक्सलचा माउंट किंवा खालच्या लांब पट्ट्या, म्हणजे जिथं गाडीचा भार बसतो तिथं गंज आत शिरला असेल, तर इंजिन रेशमासारखं चालत असलं तरी विषय संपला. वेल्डिंग करून देणारे भेटतील. मी करत नाही. खड्ड्यात आपटताना सुटलं तर चाकासकट सुटतं.

पत्रा पास झाला असं धरून तुमच्या एस्टिमेटकडं वळतो. तुम्ही पाठवलेल्या कागदावर क्लच सेट १३ हजार, पुढचं सस्पेन्शन १६ हजार, चार टायर १८ हजार, चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे) २० हजार आणि एसीचं काम ११ हजार आहे. क्लच आणि सस्पेन्शनबद्दल वाद नाही, या किलोमीटरला ते येणारच. टायरवर किती रबर उरलंय एवढंच बघू नका, कडेला चार आकडे कोरलेले असतात ते वाचा. ३२१८ म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी चांगली असली तरी मी हायवेला चालू देत नाही. इंजेक्टरवर मात्र मला शंका आहे. चारही एकदम जात नाहीत. रिटर्न टेस्ट करायला सांगा; चार बाटल्या लावून कुठला इंजेक्टर जास्त डिझेल परत टाकतो ते पाच मिनिटांत दिसतं. एक किंवा दोन निघतील, तेवढेच करा. एसीला दिवाळीनंतर बघितलं तरी चालेल. खानापूरला एसी लागतो तो मार्च-एप्रिल-मे, एवढाच.

एस्टिमेटमध्ये नसलेली एक गोष्ट मी स्वतः तपासली असती. या १.३ लिटर डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल कमी पडलं किंवा बदलायला उशीर होत गेला की चेन ढिली पडते. रात्रभर थंड झालेली गाडी सकाळी चालू करताना बोनेट उघडं ठेवून शेजारी उभे राहा, किल्ली दुसऱ्याला मारायला सांगा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत सुट्ट्या साखळीसारखी खडखड आली तर आधी चेन किट, बाकी सगळं नंतर. चेन सुटली तर वरचे रॉकर आणि व्हॉल्व्ह मार खातात आणि मग ७८ हजारांचं एस्टिमेटही स्वस्त वाटायला लागतं. आवाज नसेल तर इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढा. थोडी वाफ हरकत नाही. भकाभका धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर झिजलेत.

खरी परीक्षा कोल्हापूरहून परत येताना घ्या. निपाणी सोडल्यावर तवंदी घाट चढताना चार माणसं बसलेली, एसी चालू, चौथ्या गिअरात ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज वाढतोय पण गाडी वेग घेत नाही, तर क्लच घसरतोय. टेम्परेचरचा काटा नेहमीच्या जागेवरून हलला तर रेडिएटर किंवा हेड गॅस्केट. तवंदी न कुरकुरता चढणाऱ्या गाडीला घाईनं निरोप देऊ नका.

आता पैशांचं. "२ लाख ४० हजारांच्या गाडीत ७८ हजार घालायचे?" असं तुम्ही लिहिलंय. सगळेच असं विचारतात आणि तिथंच हिशेब चुकतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी ताडायचा नसतो. ही गाडी गेली तर तिच्या जागी जी येईल, ती दारात उभी करायला वर्षाला काय पडतं त्याच्याशी ताडायचा.

साडेसात लाखांची नवी गाडी धरा. कर्नाटकात ५ ते १० लाखांच्या गाडीला १४ टक्के आजीवन कर, त्या करावर ११ टक्के उपकर. म्हणजे लाखाच्या वर रक्कम शोरूमच्या दारातच गेली. इन्शुरन्स धरून रस्त्यावर येईपर्यंत नऊ लाख. पाच वर्षांनी ती पाचेक लाखांना जाईल असं धरलं तर वर्षाला ८० हजार नुसती घट. जुनी विकून वर जे साडेसहा लाख घालाल, ते बँकेत ठेवले असते तर वर्षाला ४० हजारांच्या आसपास व्याज. पूर्ण विम्याचे पंचवीस-तीस हजार. सगळं मिळून दीड लाखाच्या घरात. जुन्या गाडीचं काय? किंमत वर्षाला तीसेक हजारांनी उतरेल, विमा दहा हजार, सर्व्हिस आणि बारीकसारीक दुरुस्ती तीस-पस्तीस, आणि आत्ताचे पन्नासेक हजार चार वर्षांत वाटून बारा. पंच्याऐंशी हजार. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमचे घाला, पण फरक साठ हजारांच्या आसपासच राहतो. जुन्या गाडीचा दुरुस्ती-खर्च सलग दोन वर्षं लाखाच्या पुढं गेला तर मीच तुम्हाला विकायला सांगेन.

इंधनाचा मुद्दा तुमच्या वापरात कुठंच नाही. वर्षाला साडेआठ-नऊ हजार किलोमीटर होतात, तेवढ्यात नव्या पेट्रोल गाडीचा आणि तुमच्या डिझेलचा खर्च जवळजवळ सारखा पडतो. एखादी सेकंडहँड बीएस-६ (नव्या प्रदूषण-नियमांतली) डिझेल घ्या असं मुलानं सुचवलंय ते साफ विसरा. त्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि तो साफ व्हायला गाडी सलग तापून पळावी लागते. खानापूर-बेळगाव सव्वीस किलोमीटरमध्ये तो चोंदेल. तुमच्या गाडीत तो नाही, म्हणून ती सुखी आहे. (पेट्रोलची जुनी गाडी असणाऱ्यांना वेगळी काळजी: आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याच्यातला काही वाटा आपल्याच चिक्कोडी-अथणीच्या उसातून येत असेल, पण २००५ च्या गाडीच्या रबरी पाइपला त्याचं कौतुक नसतं. पाइप आणि सील बदलून घ्या.)

विकायचीच झाली तर वेळ कुठली? लोक म्हणतात, डिझेल दहा वर्षांत बंद होणार. ती भानगड दिल्ली आणि आसपासची. आपल्याकडं खाजगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं, मग फिटनेस बघून पाच-पाच वर्षं वाढते. तुमची २०२९ पर्यंत चालू. १५ वर्षांनंतर नूतनीकरणाची केंद्राची फी ५ हजार, २० वर्षांनंतर १० हजार, आणि राज्याचा हरित कर निराळा. रक्कम मोठी नाही, पण गिऱ्हाइकाच्या मनात भीती मोठी असते. म्हणून माझा अनुभव असा की चौदावं वर्ष विकायला सगळ्यात वाईट: "पासिंग संपत आलंय" म्हणून समोरचा फीच्या कितीतरी पट भाव पाडतो. एकतर बाराव्या-तेराव्या वर्षी काढा, नाहीतर नूतनीकरण करून वीस वर्षांपर्यंत वापरा. शिवाय दहा-बारा वर्षांपुढच्या गाडीला बहुतेक बँका कर्ज देत नाहीत, म्हणजे गिऱ्हाईक रोखवालाच. तुम्ही त्या टप्प्यात आधीच पोचलाय, त्यामुळं आणखी वर्षभर थांबल्यानं भाव कोसळेल अशी धास्ती नको. भावाला खरा धक्का सप्टेंबर २०२५ मध्ये बसून गेला. छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नव्या स्वस्त झाल्या आणि जुन्यांचे दर आपोआप खाली सरकले. एजंट तुम्हाला हेच कारण सांगून २ लाख ४० म्हणतोय. एवढं खोटं नाही, पण पहिला मालक आणि खरे किलोमीटर यांचे वीस-पंचवीस हजार त्यानं धरलेले नाहीत.

आता आपल्या सीमेवरची गंमत. बेंगळूरचं गिऱ्हाईक पाचशे किलोमीटरवरून आलं तर गाडी साध्या ट्रान्स्फरनं त्याच्या नावावर होते. चंदगड किंवा शिनोळीचा माणूस, ज्याची मुलं बेळगावात शिकतात, जो भाजीसुद्धा इथनं नेतो, त्याला मात्र आरटीओची एनओसी (ना-हरकत) काढून, महाराष्ट्राचा कर भरून, नवा नंबर घ्यावा लागतो. म्हणून काय होतं? बॉण्डवर सही, पैसे रोख, आरसी बुक त्याच्या हातात, "पुढच्या महिन्यात नावावर करतो" म्हणून गाडी केए-२२ नंबरनंच तिकडं फिरत राहते. पाव्हण्यारावळ्यांत तर हमखास. माणूस चांगला असतो हो, वाईट हेतू नसतो. पण अपघात झाला की कायदा आरसीवरचं नाव बघतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं: गाडी पुढं कितीही हातांत गेली असली तरी नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची.

म्हणून महाराष्ट्रातलं गिऱ्हाईक असेल तर क्रम असा ठेवा. आधी कर्जाचा बोजा उतरलाय का बघा. बँकेचं कर्ज फिटून वर्षं झाली तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच राहिलेलं असतं. त्याला फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला. मग दोन्ही राज्यांतले ई-चलन तपासून भरा, कोल्हापूरच्या खेपांत कॅमेऱ्यानं कधी टिपलं ते कळत नाही. मग फॉर्म २८ वर एनओसी. फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे कागद) सह्या करताना गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता कोरा सोडू नका, एजंट कितीही "आम्ही भरतो की" म्हणाला तरी. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, दुसऱ्या राज्यात असेल तर ४५ दिवसांत. घेणाऱ्याला ३० दिवस. गाडी देताना तारीख आणि वेळ घालून पावती करा, त्याच्या आधारचा फोटो घ्या, आणि दहा-पंधरा हजार नावावर होईपर्यंत मागं ठेवा. एवढ्यावर जो रुसतो त्याला गाडी देऊ नये.

पुण्याच्या मुलाला गाडी देण्याबद्दलही अडचण हीच. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथली नोंदणी करावी लागते. महाराष्ट्राचा कर तिथं भरायचा आणि कर्नाटकाचा उरलेला कर परत मागायचा. अकराव्या-बाराव्या वर्षी परत मिळणारी रक्कम आणि त्यासाठीच्या फेऱ्या यांचा मेळ बसत नाही. पुण्यात नेऊन विकली तर जास्त येतील हेही खरं नाही, केए पासिंग बघून तिथला दलाल हा सगळा त्रास तुमच्याच किमतीतून वजा करतो. विकायची तर बेळगाव, नाहीतर हुबळी-धारवाड.

तुमच्या मुलाच्या बाजूनं एक गोष्ट मात्र आहे, आणि ती पैशांची नाही. तुमच्या व्हेरियंटला एअरबॅग नाहीत असं तुम्ही लिहिलंय. आता सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि पुढच्या दोन एअरबॅग सक्तीच्या आहेत. २०२४ च्या नव्या डिझायरला सहा मिळतात. लेकीकडून रात्री उशिरा परतत असाल, ट्रक-ट्रेलरच्या गर्दीतून हायवेनं, तर वरचा साठ हजारांचा हिशेब मी मांडणार नाही. ते तुम्ही दोघांनी बसून ठरवा. दिवसाउजेडी जाऊन-येऊन करत असाल तर ठेवा.

पत्रा गेलेला निघाला तर बाहेरच्या भंगारवाल्याला देऊ नका. मान्यताप्राप्त स्क्रॅप केंद्रात दिली की जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या खाजगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. आपल्या १४ टक्क्यांच्या हिशेबानं ती रक्कम लहान नाही. आरटीओत विचारून मगच नवी बुक करा. आणि चेसिस नंबर कायमचा रद्द होतो, उद्या तुमच्या नंबरावर कुणी दुसरी गाडी फिरवणार नाही.

विम्याचं शेवटी. गाडी ठेवलीत तर या वयाला नुसता थर्ड पार्टी घ्यावा का, असं विचारलंय. खानापूरला झाडं पडतात, पाणी शिरतं, म्हणून अजून दोन वर्षं पूर्ण विमाच असू द्या; फक्त विम्यातली गाडीची किंमत एजंट देईल ती न घेता बाजारभावाशी जुळवून घ्या. पाच वर्षांपुढच्या गाडीला ती बोलून ठरते. विकलीत तर तुमचा पन्नास टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर जाऊ देऊ नका. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. कंपनीकडून पत्र घ्या, तीन वर्षांत नवी घेतली की तिला लागू होतो.